देवावरचा खोटा आरोप

एस्तेर, त्यांनी ते वाक्य तुझ्याही बाबतीत म्हटलंच.

तुझी शवपेटी तुमच्या चर्चच्या देवळात वेदीसमोर ठेवली होती. तुझी लेक शीतल माझ्या शेजारी बसली होती, माझा हात धरून. तुझे थोरले दीर वसंतराव मंडळीचे पंच म्हणून बोलायला उभे राहिले. आधी चांगलं बोलले. कॅम्पातल्या शाळेत तू शिकवलेली मुलं कुठे कुठे पोचली ते सांगितलं, तुझ्या हातच्या केकची आठवण काढली, लोक थोडे हसलेही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ही देवाची योजना होती. त्याच्या योजनेपुढे आपण कोण?" मागच्या बाकांवरून 'आमेन' आलं.

आणि मी उभी राहिले.

उभी राहीन असं मलाही वाटलं नव्हतं. त्या देवळात मी नाताळाला आणि लग्नाकार्याला तुझ्यामागून येऊन बसणारी बाई. माझ्या घरी बुद्धवंदना होते, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, मैत्रिणीला दोन शब्द बोलायचे आहेत. मी काय बोलले ते सांगते, पण त्याआधी मला थोडं मागे जाऊ दे. तू तिथेच होतीस, तुला सगळं ऐकू आलं असणार, असं शीतल म्हणते. तसा विश्वास तुझा होता, माझा नाही. म्हणून सगळं सांगावं लागतंय.

संदेश गेला तेव्हाही हेच वाक्य आलं होतं. अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला तुझा मुलगा, मागून आलेला टेम्पो, आणि मग सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात आपण दोघी. तू तेव्हा रडली नाहीस. घरी आल्यावर लोक येत राहिले आणि प्रत्येकाने जाताना ते वाक्य तुझ्या हातावर प्रसादासारखं ठेवलं. देवाची योजना असते. देवाच्या मनात काहीतरी चांगलं असेल. तू मान हलवायचीस. मला ती मान बघवत नव्हती. वर्गात एखाद्या पोराने उत्तर चुकीचं सांगितलं तरी तू कधी मान हलवली नव्हतीस.

महिन्याभराने वसंतरावांनी त्याच्या कबरीवर दगड बसवला. तुला विचारण्यासारखी तुझी अवस्थाच नव्हती, त्यामुळे मजकूर त्यांनीच ठरवला. संदेशचं नाव, आणि खाली: 'देवाने आपल्या बागेतले फूल खुडून नेले.' दगड पाहून आपण परत येत होतो. रिक्षात तू अगदी शांतपणे विचारलंस, "नंदा, फुलं खुडणारा माणूस बागेचा मालक असला तरी झाडाला काय वाटत असेल?" मी मराठी शिकवणारी. मला वाटलं, तू रूपकाबद्दल बोलतेयस. तू देवाबद्दल बोलत होतीस.

निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, नातवंडं सांभाळतात. तू पाळकसाहेबांच्या शनिवारच्या वर्गात नाव घातलंस. देवळामागच्या हॉलमध्ये ते धर्मसिद्धांत शिकवायचे. पुढे उपदेशक व्हायचं म्हणून येणारी तरुण पोरं, रविवारच्या शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगणाऱ्या दोघी-तिघी मुली, आणि त्यांच्यात साठी ओलांडलेली तू. देव आहे का, हा पहिला भाग. तो कसा आहे, हा दुसरा. त्याला माणसाकडून आणि या जगाकडून हवंय तरी काय, हा तिसरा. तू मला म्हणालीस, मला खरं तर तिसराच भाग हवा आहे, पण आधीचे दोन टाळून थेट तिकडे गेले तर ती कॉपी झाली.

वर्ग सुटला की तू कॅम्पाची बस पकडून नाशिकरोडला माझ्याकडे यायचीस. मी चहा टाकायचे, बेकरीतले टोस्ट काढून ठेवायचे, आणि तू चपला काढता काढताच सुरू व्हायचीस. माझ्यासारख्या देव न मानणाऱ्या बाईपुढे देवाची उजळणी करण्यात तुला काय मिळत होतं हे मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "वर्गात सगळे आधीच मान्य करून बसलेत. तिथे माझी चूक कोण पकडणार?"

देवाच्या अस्तित्वाचे पुरावे तू मला एकेक करून समजावलेस आणि एकेक करून तूच मोडलेस. प्रत्येक गोष्टीला कारण लागतं, म्हणून सगळ्याच्या मुळाशी एक कारण, हा पुरावा तुला बरेच दिवस आवडला होता. मग एका शनिवारी तू टोस्ट बुडवता बुडवता थांबलीस आणि म्हणालीस, यातली चौथी पायरी सुटलेली आहे. मला आनंद झाला. मी म्हटलं, झालं तर मग, देव गेला. तू माझ्याकडे एखाद्या पोराकडे बघावं तसं बघितलंस. "रीत चुकली म्हणून उत्तर चूक ठरत नाही, नंदा. माझ्या गणिताच्या वर्गात कितीतरी पोरांचं असायचं तसं."

असं तू मला वर्षानुवर्षं चिडवलंस.

आपलं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झालं. तुला आठवत असेल, पाऊस संपून थंडी पडायला लागली होती आणि आपण गॅलरीत शाल घेऊन बसलो होतो. मी तुला म्हटलं, मुलगा गेल्यावर आई देवावर रागावते हे समजू शकतं, पण तू तर त्याला निर्दोष सोडवायला निघालीस, तू देवाची वकील झालीस. तुला ते फार लागलं. कप खाली ठेवलास.

"वकील नाही," तू म्हणालीस. "मी फिर्यादी आहे. फिर्यादीला समोर कोणीतरी लागतं. तुझ्याकडे ती खुर्चीच रिकामी आहे. तुझं कोणी गेलं तर तू कुणाला जाब विचारणार?"

मी म्हटलं, आम्ही जाब विचारत नाही, दुःखाचं कारण शोधतो.

"शोध तर. सापडलं की मला सांग. तोवर मी ओरडते."

पुढचे दोन शनिवार तू आली नाहीस. मीही फोन केला नाही. मग माझी थोरली बहीण गेली आणि तू दारात उभी राहिलीस. घरभर माणसं होती. तू कुणाशी बोलली नाहीस, मला मिठीही मारली नाहीस. स्वयंपाकघरात गेलीस, ओट्यावर पडलेली मेथीची जुडी घेतलीस आणि निवडायला बसलीस. मी तुझ्या शेजारी बसले. जुडी संपेपर्यंत आपण दोघी निवडत राहिलो. त्या दिवशी मला भेटायला आलेल्या सगळ्यांत फक्त तूच मला काही समजावून सांगितलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आता मानते.

तिसऱ्या भागावर पोचलीस तेव्हा पाळकसाहेबांची आणि तुझी खडाजंगी सुरू झाली. ती तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी वर्गात बसले होते असंच मला वाटतं. ते म्हणाले, देवाची इच्छा वेगळी आणि अनुमती वेगळी. वाईट गोष्टी तो करत नाही, फक्त होऊ देतो. तू म्हणालीस, एक पोरगा दुसऱ्याला मारतोय आणि बाई दारात उभ्या राहून बघतायत, तर मुख्याध्यापक त्याला अनुमती म्हणतील की निष्काळजीपणा? पोरं हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, मग तुमच्या मते त्याला थांबवता येत नाही? तुमचा देव दुबळा आहे?

तू म्हणालीस, "वधस्तंभावरचा काय बलवान दिसतो?"

साहेबांनी म्हणे खडू खाली ठेवला, आणि म्हणाले की बाई, हे उत्तर मी शिकवलेलं नाही, पण मला ते खोडताही येत नाही. तू माझ्याकडे आलीस तेव्हाचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. संदेशनंतर पहिल्यांदा तू मोठ्याने हसलीस. मी मात्र तेव्हाही अडून बसले. दुबळा देव असण्यापेक्षा नसलेला बरा, हे माझं म्हणणं. आणि दुबळाही चालेल पण दगाबाज नको, हे तुझं.

त्यानंतर तू जे केलंस ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. पंचांच्या बैठकीत अर्ज दिलास की मुलाच्या दगडावरची ओळ मला काढायची आहे. वसंतराव चिडले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, लोक म्हणतील बाई श्रद्धेतून गेली, असं बरंच बोलले. तू मला सोबत नेलं होतंस, मी दाराशी खुर्चीवर होते. तू उभी राहिलीस ती वर्गात उभी राहायचीस तशी, पदर खोचून.

"माझ्या मुलाला टेम्पोवाल्याने मारलं," तू म्हणालीस. "कोर्टात ते सिद्ध झालं, त्याला शिक्षा झाली. आणि आपण मात्र दगडावर दुसऱ्याच कुणाचं नाव कोरून ठेवलंय. हा देवावरचा खोटा आरोप आहे. मी आई आहे, आणि मला तो मागे घ्यायचा आहे."

पाळकसाहेब म्हणाले, काढू द्या त्यांना.

पाथरवट आला त्या दिवशी ऊन कडक होतं. त्याने विचारलं, या जागी दुसरं काय कोरू? तू म्हणालीस, अजून काही नाही, कळलं की सांगेन. छिन्नीने ओळ गेली आणि खालचा दगड खरबरीत, पांढरा उघडा पडला. तू त्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, आता बरं वाटतंय, आता खरं दिसतंय. मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला की मी तुझ्याशी वाद घालायचं विसरले.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली.

त्या आजाराबद्दल मी फार लिहिणार नाही. तुला ते आवडलं नसतं, आणि शीतलने जे केलं ते लिहायला माझ्याकडे भाषा नाही. फक्त एक दुपार. शीतल औषधं आणायला खाली गेली होती. तू जागी होतीस, डोळे स्वच्छ होते. खिडकीतून द्राक्षांनी भरलेली एक गाडी दिसत होती आणि तू म्हणालीस, यंदा बाग लवकर उतरली वाटतं. मला एकदम राग आला. द्राक्षांचा, गाडीचा, सगळ्याचाच. मी विचारलं, "आता तरी सांग. यात तुझ्या देवाचा काय हेतू आहे?"

"हेतू नाही," तू म्हणालीस. "गाठ आहे."

"मग तो काय करतोय?"

"बसलाय इथेच. तुझ्यासारखा. त्यालाही काही करता येत नाहीये."

मी म्हटलं, "एस्तेर, मग तो हवाच कशाला?"

तू तोंड उघडलंस. तुझं उत्तर तयार होतं, मला दिसलं ते. फळ्याकडे वळायच्या आधी तुझ्या भुवया जशा वर जायच्या तशा गेल्या. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली, तिने तुला कुशीवर वळवलं, तू कळवळलीस, आणि मग इंजेक्शनने झोप लागली. त्यानंतर तू बोललीस, पाणी मागितलंस, शीतलला माझ्या डब्यातलं वरण खायला लावलंस. पण तो विषय परत निघाला नाही. मी काढला नाही. वाटलं, उद्या काढू.

म्हणून मी देवळात उभी राहिले, एस्तेर. कारण उत्तर तुझ्या ओठावर होतं, आणि वसंतराव त्या जागी ते जुनंच वाक्य बसवत होते.

मी म्हटलं, "माफ करा, पण या वाक्याशी एस्तेरचं भांडण होतं. ती आज बोलू शकत नाही म्हणून ते वाक्य जिंकलं, असं मी होऊ देणार नाही."

वसंतराव म्हणाले, बाई, तुम्ही आमच्यातल्या नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. मी म्हटलं, नाही, पण तिचं म्हणणं माझं पाठ आहे. आणि मी ते सांगितलं. तुझ्या देवाने तुला मारलेलं नाही, ही तुझी श्रद्धा होती. तू गाठीला गाठ म्हणायचीस. हे मला स्वतःला पटतं का हा प्रश्न नाही, कारण ही पेटी माझी नाही. शीतलने माझा पदर धरला होता, मला वाटलं खाली बसवायला, पण ती आधाराला धरून स्वतःच उभी राहिली. आम्ही दोघी उभ्या आणि सगळं देऊळ बसलेलं. पाळकसाहेबांनी त्यानंतर प्रार्थना केली. त्यात ते म्हणाले, प्रभू, आम्हाला कळत नाही. योजना हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

तुला वाटेल, मी जिंकून आले. ऐक पुढे.

चार दिवसांनी वसंतराव माझ्या घरी आले. एकटेच. मी दार उघडलं तेव्हा भांडायची सगळी तयारी करून उघडलं. ते बसले, पाणी प्यायले. मग सांगू लागले की संदेशला सायकल त्यांनी शिकवली होती, कॅम्पातल्या त्या मोठ्या झाडांच्या रस्त्यावर. मागून सीट धरून पळायचे. पोरगा ओरडायचा, काका सोडू नका, आणि ते सोडून द्यायचे. अंबडची नोकरीही त्यांनीच ओळखीने लावली होती. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. कदाचित तुला ते आठवायचं नव्हतं.

"मला ते वाक्य लागतं, बाई," ते म्हणाले. "नाहीतर पोरगा नुसता टेम्पोखाली गेला. नुसता. ते मला धरवत नाही."

मी मेथी आणायला हवी होती बहुतेक. मी चहा केला, आणि आम्ही तो प्यायलो. जाताना ते दारात म्हणाले, एस्तेर हुशार होती, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, पण तिनं ती ओळ काढली तेव्हा मला वाटलं तिनं माझा हात सोडवून घेतला. मी त्यांना तुझ्या बाजूने काहीतरी सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही. तुला सुचलं असतं का? विचारते आहे, खरंच.

पण म्हणून माझा राग गेलेला नाही. तो त्यांच्यावर आता नाही, एवढंच. माझी माणसंही आली होती. भावजय म्हणाली, ताई, सगळं अनित्य आहे, धरून काय ठेवायचं. मी तिला म्हटलं, माहीत आहे मला, लहानपणापासून माहीत आहे, आणि आत्ता ते मला सांगू नकोस. त्यांचं वाक्य नको आणि आमचंही नको, अशी माझी गत तू करून ठेवलीस. तू दाखवलेल्या त्या रिकाम्या खुर्चीपुढे मी उभी आहे आणि मला ओरडायचं आहे, एस्तेर. मला पहिल्यांदाच ओरडायचं आहे. मी देव मानत नाही, मग मी तुझ्यावर ओरडते. उद्या काढू म्हटलेला विषय टाकून तू कशी गेलीस?

मागच्या आठवड्यात मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, मला शनिवारच्या वर्गात बसायचंय. त्यांनी विचारलं, तुम्हाला बाप्तिस्मा घ्यायचाय का? मी म्हटलं, अजिबात नाही, आणि माझी श्रद्धाही नाही, हे आधीच सांगून ठेवते. ते म्हणाले, वर्गातल्या निम्म्यांची आहे की नाही ते मलाही ठाऊक नाही. मग कशासाठी येता, म्हणाले. मी सांगितलं की एस्तेरचा एक मुद्दा अर्धा राहिलाय. दुबळा देव कशाला हवा, याचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते मला मिळालेलं नाही. तुम्ही द्या, नाहीतर मी शोधते. नाही सापडलं तर तुमच्या हॉलमध्ये उभी राहून सांगेन की सापडलं नाही.

ते थोडे हसले. म्हणाले, दुसरा भाग चालू आहे, देवाचा स्वभाव.

काल गेले होते. तिथे सगळी माझ्या नातवंडांच्या वयाची मुलं. एका मुलीने बाक सरकवून मला जागा दिली, पेन आहे का विचारलं. हॉल तू सांगितला होतास त्यापेक्षा लहान आहे आणि पंखा खूप आवाज करतो. पाळकसाहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'देव सर्वसमर्थ आहे.' म्हणाले, एवढं उतरवून घ्या, मग पुढे जाऊ.

सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी हात वर केला.